मूळ कारणासकट

"ज्याने हा कोड लिहिलाय ना, त्याचा पाय मोडला तरी तो घरी 'काहीतरी झालंय' एवढंच सांगत असेल," मी फोनवर मैत्रिणीला, रुचिताला म्हणाले. वागळे इस्टेटमधली चहाची टपरी, दुपारचे चार, समोर वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचा आवाज. त्यामुळे मी जरा मोठ्यानेच बोलत होते. नव्या नोकरीतला तो माझा तिसराच दिवस.

शेजारी एक उंच मुलगा कटिंग फुंकत उभा होता. मी फोन ठेवल्यावर तो शांतपणे म्हणाला, "पाय नाही, हात मोडलेला. आणि आईला दोन दिवसांनी सांगितलेलं."

"म्हणजे... तुम्ही?"

"साकेत. ती लायब्ररी मी लिहिलीय."

मी ग्लासात तोंड लपवलं. त्याचे फक्त डोळे हसले, आणि खरं सांगते, मला ते तिथल्या तिथे आवडले.

लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड. आमची लायब्ररी कंटेनर चालवायची. कंटेनर म्हणजे आपल्या सगळ्या सामानासकट बंद केलेला प्रोग्रॅम. तो सुरू करणं, थांबवणं, पुसणं हे तिचं काम. सुरू झाला नाही, की साकेतची लायब्ररी दर वेळी एकच वाक्य बोलायची: 'काहीतरी चुकलं.' मग फाइल हरवलेली असो, परवानगी नसो, नाहीतर त्याच नावाचा कंटेनर आधीच चालू असो. आमच्या टीमच्या प्रमुख शुभदा मॅडमनी चुका कळवायची ही सगळी पद्धत नव्याने बांधायचं काम आम्हा दोघांवर सोपवलं.

"समोरच्याला उगाच कशाला घाबरवायचं?" साकेत म्हणाला.

"घाबरू दे की. निदान काय करायचं ते तरी कळेल त्याला."

"तू सगळ्यांशी अशीच भांडतेस?"

"नाही रे. कोड आवडला तरच."

त्याचे कान लाल झाले. त्यानंतर तो तासभर फळ्याकडेच बघून बोलत होता.

दोन महिने आम्ही त्या फळ्यासमोर काढले. शेवटी नियम ठरला: तळातली चूक वर येताना कोडच्या प्रत्येक थराने आपलं वाक्य जोडायचं, पण आतलं कारण फेकायचं नाही. कंटेनर सुरू झाला नाही, कारण फाइल उघडली नाही, कारण परवानगी नव्हती. वरून सोलत गेलं की मूळ कारण हाती यायला हवं. तपासताना साकेत प्रत्येक थराला विचारायचा, "त्याच्या आत?" मग आम्हाला तो चाळाच लागला.

"जेवत का नाहीस?"

"भूक नाही."

"त्याच्या आत?"

"आईने कारलं दिलंय."

तो माझं कारलं खायचा आणि स्वतःची बटाट्याची भाजी माझ्यापुढे सरकवायचा. तो कल्याणचा, मी त्याच्या पुढची, टिटवाळ्याची. संध्याकाळी एकत्रच निघायचो. मी त्याच्या प्रेमात पडले होते, अगदी सरळ सरळ. त्याच्या मनाचा मात्र थांगपत्ता नव्हता.

मार्चमध्ये शुभदा मॅडमनी विचारलं, पुण्याच्या टीममध्ये वर्षभर जाशील का? काम माझ्या आवडीचं होतं आणि मला जायचंच होतं. पण साकेतच्या मनात काय आहे हे न कळताच जायचं, या विचाराने जीव थाऱ्यावर राहीना. शुक्रवारी, उत्तर द्यायच्या दिवशी, मी त्याला कँटीनमध्ये सांगितलं.

"छान आहे," तो म्हणाला. "जा तू." आणि बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर वाचायला लागला.

मला असा राग आला.

"साकेत, 'छान'. त्याच्या आत?"

"म्हणजे... चांगलं प्रोजेक्ट आहे. ग्रोथ आहे."

"त्याच्या आत?"

"क्षिप्रा, लोक बघतायत."

"बघू दे. त्याच्या आत?"

त्याने पुडा खाली ठेवला. "मी थांब म्हटलं आणि तू थांबलीस, तर पुढे कधीतरी तुला वाईट वाटेल. ते मला नकोय."

"आणि त्याच्या आत?" माझा आवाज आता खाली आला होता.

त्याने पुडा अजून लांब सरकवला.

"सकाळी तुझी गाडी लेट असली ना, की मी तुझ्या खुर्चीकडे बघत बसतो. काम होत नाही यार. तू... मला आवडतेस. खूप. याच्या आत आता काही नाही."

माझे डोळे भरून आले. मी ते पुसलेही नाहीत.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "आणि मी पुण्याला जाणार आहे."

तो बघतच राहिला. "मग एवढं सोलून काढलंस कशाला मला?"

"न कळता गेले असते तर तिकडे कामात मन लागलं नसतं."

"मी थांब म्हणणार नाही."

"नकोच म्हणूस. ये म्हण. दर शनिवारी घरी जाताना मी कल्याणला उतरणारच आहे."

तो हसला, या वेळी सगळाच्या सगळा. "ये," तो म्हणाला.

पाचला मॅडम निघायच्या. त्याआधी वर जाऊन त्यांना होकार द्यायचा होता. मी उठले. टेबलावर त्याचा हात होता, त्यावर क्षणभर माझा ठेवला. जाते असं म्हणवेना.

"येते," मी म्हणाले.