बिनसावलीच्या दुपारी सातेरीमागे

साळूबाईच्या पेटीतल्या सातेरी मधमाश्या पळाल्या होत्या आणि त्या परत आणायला आम्ही राजूरच्या पुढच्या डोंगरात शिरलो होतो. आम्ही म्हणजे साळूबाई, माझी मुलगी लीना आणि मी विष्णुपंत, राहात्याला तीस वर्षं विज्ञान शिकवलेला मास्तर. साळूबाईच्या सात पेट्या रोगाने रिकाम्या झाल्या होत्या. ही आठवी, शेवटची. हीही रोगाला भिऊनच पळाली, असं ती म्हणत होती. आता माश्या हाती लागल्या नाहीत, तर तिचा मधाचा धंदाच संपणार होता.

कड्याच्या टोकाला, दरीवर वाकलेल्या उंबराच्या फांदीला माश्यांचा घोस लटकला होता. हात पोचणं शक्य नव्हतं. पण मला कसली काळजी! नवं घर शोधून आलेली माशी घोसावर नाचून दिशा सांगते. सरळ वर नाचली तर घर सूर्याच्या बाजूला, खाली नाचली तर उलट. दुर्बिणीतून बघायचं, त्यांच्याआधी तिथे जाऊन सोबत आणलेली रिकामी पेटी मांडायची.

"वर नाचतेय. सूर्य अजून पूर्वेला, म्हणजे घरही पूर्वेला," मी सांगितलं.

तेवढ्यात दुसरी माशी डावीकडे नाचली. तिसरी उजवीकडे. चौथी गोल गोल फिरून थांबलीच.

"बाबा, नक्की कुठे?" लीनाने विचारलं.

मला काहीच कळेना. पण मास्तरकी नडली. "उत्तरेला," मी ठोकून दिलं आणि घसाऱ्यावरून उतरायला लागलो.

पाय सरकला! दगड निसटले. पाण्याची बाटली दरीत गेली. मीही गेलोच होतो, पण साळूबाईने माझ्या पिशवीचा पट्टा धरला. पट्टा करकरला. लीनाने दंड पकडला. दोघींनी मिळून मला पोत्यासारखं वर ओढलं.

"गुरुजी, माश्या गप झाल्यात," साळूबाई धापा टाकत म्हणाली. "तुमीबी जरा गप बसा."

आम्ही बसलो. साडेबारा वाजले होते. तोंडाला कोरड पडली होती.

"बाबा, माझी सावली कुठे गेली?" लीना म्हणाली.

मी काठी उभी धरली. तिचीही सावली नव्हती. मेचा मध्य, शून्य सावलीचा दिवस! दरवर्षी फळ्यावर काढून शिकवला आणि आज साफ विसरलो. सूर्य थेट डोक्यावर, म्हणजे कोणत्याच दिशेला नाही. मग माश्यांनी दिशा मोजायची कशावरून? त्यांना कळेना म्हणून त्या थांबल्या. मला कळेना, तरी मी चालत सुटलो. मला माझीच शरम वाटली.

अर्ध्या तासाने काठीच्या पायाशी बोटभर सावली पडली. सूर्य पश्चिमेला कलला होता. एक माशी सरळ खाली नाचली. मग दहा. मग सगळ्याच खाली! सूर्याच्या उलट, पूर्वेला. घोस सुटला, घोंघावत उडाला. आम्ही करवंदीच्या काट्यांतून मागे धावलो.

तासाभराने काळ्या कातळाची भिंत लागली. तिच्या फटीत माश्या शिरत होत्या आणि बाजूने पाणी झिरपत होतं. आम्ही कातळालाच तोंड लावलं. हनुवटीशी माश्याही पीत होत्या.

मग राणी माशी धरायला साळूबाईने फटीत कोपरापर्यंत हात घातला; राणी पेटीत आली की बाकीच्या मागोमाग येतात. लीनाने पेटी उघडून धरली. बराच वेळ गेला. हात बाहेर आला तो रिकामा.

"राणी सापडली नाही का?" मी विचारलं.

"सापडली की. हाताखालीच हुती." ती खाली बघत राहिली. "गुरुजी, रोग न्हवता त्यांना. महिना झाला, पेटीपाशी वाटीभर पानी ठेवाया जमलं न्हाई. टँकरच्या पान्यात मानसांचंच भागत न्हाई. सांगायची लाज वाटली. ऱ्हाऊ द्या त्यांना हितंच."

लीनाने पेटीचं झाकण लावलं. साळूबाई पुन्हा पाणी प्यायला वाकली. या खेपेला ती माश्यांना जागा सोडून जराशी बाजूला सरकली.