आल्सिदेसची फक्की

यानिना कुंपणापाशी आली तेव्हा एल्बियो उत्तरेकडच्या गोलसमोर गुडघ्यांवर बसून गवत विंचरत होता. हातात दात पडलेली लोखंडी दाताळी. ऑगस्टमधला, तिथल्या हिवाळ्याचा गारठा, डोळ्यांना न दिसणारी पण केसांना लागणारी भुरभुर, नदीवरून येणारा बोचरा वारा... मॉन्टेव्हिडिओत या दिवसांत माणूस घराबाहेर पडतो तो कामासाठी, नाहीतर मयताला. यानिनाच्या हातात किराण्याची पिशवी होती आणि छातीशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"नवरा की बाप?" त्यानं एकदाच मान वर करून विचारलं.

"बाप. तुम्हाला कसं कळलं?"

"छातीशी धरलाय डबा. बिस्किटं कुणी अशी धरत नाही."

तो उठून जवळ आला. पस्तिशीचा, उंच, कानाच्या पाळीला चिखल, काखेत माते या पाल्याच्या कडू काढ्यासाठी गरम पाण्याचा थर्मास. या माणसाला कुणीतरी आरसा द्यायला हवा, असं यानिनाच्या मनात आलं. त्यापाठोपाठ आणखी एक विचार आला, तो तिनं तिथंच दाबला. बाप जाऊन अकरा दिवस झाले होते.

"नाही जमणार," तो म्हणाला.

"मी अजून काही मागितलंच नाही."

"राख गोलात टाकायचीय. सगळ्यांना हाच गोल हवा असतो. तो तिथला पिवळा डाग दिसतोय? तो रोसेंदो. दीड वर्ष त्यानं मला गवत उगवू दिलं नाही. पेनल्टीच्या ठिपक्यापाशी दोघी बहिणी आहेत, त्यांच्यावर अजून काही येत नाही. राखेत खार असतो, बाई. गवत जळतं."

"म्हणजे आधी बाप जळला, आता तो गवत जाळणार."

एल्बियो हसला नाही. पण हसू दाबताना त्याचा कान हलला. यानिनाला ते दिसलं.

हा सान क्रिस्पीनचा फुटबॉल क्लब. चामडं कमावणाऱ्यांनी उभा केलेला, त्यांच्याच पगारातून, त्यांच्याच हातांनी. कारखाने बंद पडले, मालक परदेशी गेले, कामगारांच्या छातीत मात्र रसायनं राहिली. यानिनाचा बाप आल्सिदेस एकतीस वर्षं कातडी भिजवण्याच्या हौदावर होता. शेवटची दोन वर्षं नळीनं श्वास घेत होता. आणि यंदा, क्लबच्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा, सान क्रिस्पीन खंडाच्या कोपा स्पर्धेत बाद फेरीत पोचला. शेवटच्या सोळांत! ब्राझीलचे, अर्जेंटिनाचे मातब्बर क्लब, आणि त्यांच्या रांगेत ही चामड्याच्या वासाची पोरं. आल्सिदेस नळी बाजूला करून लेकीला म्हणाला होता, "घरच्या सामन्याआधी मला मैदानात टाक. नंतर नको. नंतर काय उपयोग."

हे तिनं एल्बियोला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"गुरुवारी महासंघाची माणसं मैदान बघायला येतायत," तो म्हणाला. "पाच आठवडे मी या गवतावर झोपायचा तेवढा बाकी राहिलोय. एक टक्कल दिसलं तर सामना शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर नेतील. मग तुमच्या वडलांसकट सगळी वस्ती बसेल टीव्हीसमोर."

"उद्या येते."

"उद्याही नाहीच म्हणणार मी."

"म्हणा. बाबांना आता घाई नाही."

ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्याही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिची पाळी दोनला सुटायची, तीनला ती कुंपणापाशी हजर. हाताला क्लोरीनचा वास, बोटं उकडून पांढरी पडलेली. एल्बियोनं फाटक उघडलं ते दुसऱ्या दिवशी, कारण पाऊस वाढला होता. तिनं तोर्ता फ्रिता आणल्या होत्या, पावसाळी हवेत घरोघरी चरबीत तळतात त्या पुऱ्या, कागदात गुंडाळलेल्या, अजून ऊन. डबा बाकावर, पुऱ्या डब्याच्या शेजारी, आणि ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना.

"लाच आहे का ही?" त्यानं विचारलं.

"लाच द्यायची असती तर साखर घातली असती."

"वडील काय म्हणतील... पोरगी माळ्याला तळून घालतेय."

"बाबा म्हणतील, त्या माळ्याला आधी कान धुवायला सांग."

त्यानं कान पुसला, पण चिखल नसलेला. तिनं हात पुढे करून बरोबर कानाकडे बोट नेलं, आणि मग — बोट क्षणभर हवेत थांबवून मागे घेतलं. दोघंही गवताकडे बघत राहिले. गवत हिरवं होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

बुधवारी पॅराग्वेत पहिला सामना शून्य-शून्य सुटला. म्हणजे सगळा निकाल आता घरच्या सामन्यावर. वस्तीत पोरांनी भिंती रंगवल्या. त्या दिवशी ती दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. एल्बियो तिला वाळू चाळायला शिकवत होता, ती चाळणी वेडीवाकडी धरत होती.

"अगं, पीठ नाही ते."

"मग तू धर माझे हात. शिकवतोयस ना?"

त्यानं धरले. चाळणी तेवढा वेळ हललीच नाही.

गुरुवारी महासंघाची माणसं आली. काळे कोट, चकचकीत बूट. यानिना गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहून बघत होती. त्यांनी स्टँडच्या पायऱ्या मोजल्या, दिवे बघितले, क्लबच्या अध्यक्षाशी, त्या बेरुत्तीशी, हात मिळवले आणि वीस मिनिटांत गेले. गवतावर कुणी पाऊल ठेवलं नाही. वाकून बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी कळलं. सामना मोठ्या स्टेडियमवर. कारण गवत नव्हतंच. बाद फेरीला जेवढी प्रेक्षकांची जागा लागते तिच्या निम्मीसुद्धा इथं नव्हती. हा नियम छापील होता आणि बेरुत्तीला तो जुलैपासून ठाऊक होता. मग त्यानं एल्बियोला पाच आठवडे का राबवलं? कारण वस्तीला आशा दाखवत ठेवली की वस्ती घोषणा देते, आणि घोषणा देणारी वस्ती प्रश्न विचारत नाही. गरिबाच्या कष्टाची अशी रोज नासाडी होते आणि ती करणाऱ्याला कधी चुकल्यासारखंही वाटत नाही. बेरुत्तीनं एल्बियोच्या पाठीवर थाप मारली म्हणे. "गवत झकास केलंस हो."

शुक्रवारी यानिना आली तेव्हा एल्बियो बाकावर बसून होता. दाताळी पायाशी.

"म्हणजे बाबांचा सामना गेला," ती म्हणाली.

"मला पास मिळालाय. येत्या बुधवारी क्लबच्या बसमधून जायचंय सामान घेऊन. मी डबा नेतो. तिथं टाकतो."

"दारावर पोलीस पिशव्या उघडतात. डबा काढून कचऱ्यात फेकतील."

"खिशात मूठभर नेतो."

"मूठभर? कुठला भाग नेणार बाबांचा?"

हे बोलून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाप गेल्यापासून ती रडली नव्हती, इस्पितळात नाही, दहनाला नाही. एल्बियोनं तिला जवळ घेतलं नाही. नुसता थर्मास उघडून मातेचं भांडं भरलं आणि तिच्या हातात दिलं. ती पीत राहिली, तो भरत राहिला.

"तू जा," ती शेवटी म्हणाली. "आपल्या जन्मात परत नाही येणार हा दिवस. तू बघ. मला येऊन सांग."

बुधवारी तीन वाजता बस निघाली. वस्ती रस्त्यावर होती, झेंडे होते, ढोल होते. आत जायचं तिकीट मात्र फारच थोड्यांकडे. खिडकीत एल्बियो दिसला, मांडीवर बुटांची खोकी. त्यानं यानिनाकडे बघितलं आणि हात वर केला नाही. बस वळली. लोक पांगले. यानिना उघड्या फाटकातून आत जाऊन बाकावर बसली, शेजारी डबा. घरी जायचं तर घरात बापाची रिकामी खोली होती.

पंधरा मिनिटं झाली असतील. फाटक करकरलं.

एल्बियो भिजत चालत येत होता, काखेत थर्मास.

"काय विसरलास?" तिनं विचारलं.

"बसमध्येही हेच विचारलं सगळ्यांनी. खोकी दुसऱ्याच्या मांडीवर ठेवली न् उतरलो."

"वेडा आहेस का तू? धाव, टॅक्सी कर, अजून पोचशील..."

"फक्की," तो म्हणाला. "मैदानाच्या रेघा आपण चुन्याच्या फक्कीनं आखतो. रेघेखालचं गवत तसंही जळलेलंच असतं. राख फक्कीत मिसळायची, बस्स. कुणाचं काही बिघडत नाही."

यानिना त्याच्याकडे बघत राहिली. "हे कधी सुचलं तुला?"

"आत्ता. बसमध्ये."

त्यानं फक्कीची गाडी काढली. एक चाक, एक पत्र्याची पेटी, खाली भोकं. चुना ओतला. डब्याचं झाकण यानिनानं स्वतः उघडलं. आल्सिदेस चुन्यापेक्षा थोडा करडा होता. तिनं हातानं मिसळला, एल्बियो म्हणाला, "चुना चावतो," तर ती म्हणाली, "माझ्या हातांना सवय आहे."

"कुठली रेघ? गोलाची?"

"नको. ती, कुंपणाजवळची. चाळीस वर्षं बाबा त्या कुंपणाला लटकून लाइनमनला शिव्या घालायचे. आता लाइनमन त्यांच्या अंगावरून पळेल."

"मग खालून शिव्या घालतील."

भुरभुर चालूच होती आणि ओली फक्की गाडीत गोळा होऊन बसते. "छत्री बाबांवर धर," एल्बियो म्हणाला. तिनं धरली. तो गाडी ढकलत होता, ती शेजारून चालत होती, छत्री पेटीवर आणि दोघं उघड्यावर. पावलाला पाऊल लावून चालावं लागत होतं, नाहीतर छत्री सरकायची. तिच्या खांद्याला त्याचा दंड लागत होता... दर पावलाला. कुणीच बाजूला होत नव्हतं. मागे रेघ उमटत होती, सरळ आणि पांढरी. कोपऱ्याच्या दहा पावलं अलीकडे आल्सिदेस संपला.

"थांब," ती म्हणाली. "साधा चुना नको पुढे. इथंच राहू दे."

सामना त्यांनी स्टँडखालच्या त्याच्या खोलीत रेडिओवर ऐकला. एक खाट, एक शेगडी, एक खिडकी. एक-एक. मग पेनल्टी. पाचवी मारायला आला तो याच गल्लीतला पोरगा, याच गवतावर मोठा झालेला. चेंडू आडव्या दांड्याला लागला. निवेदक बोलत राहिला, पण बाहेर सगळ्या वस्तीतून एकच आवाज आला, कुणीतरी पोटात लाथ घातल्यासारखा. आणि मग काही नाही. दारं लागली, दिवे गेले. संपलं. एवढ्यासाठी क्लबची ऐंशी वर्षं.

एल्बियोनं रेडिओ बंद केला.

"सोमवारी मला काढतील," तो म्हणाला. "बसमधून उतरलो ना. खोलीही जाईल." मग खाली बघत, "यानिना... बसमध्ये नव्हतं सुचलं."

"काय?"

"फक्कीचं. माझ्या आधीचा माळी तसंच करायचा. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं असतं तर तू राख टाकून गेली असतीस. परत आली नसतीस."

यानिना उठून उभी राहिली.

"माझा बाप नऊ दिवस स्वयंपाकघराच्या टेबलावर होता," ती म्हणाली. "मी त्याच्यासमोर जेवत होते. रोज त्याला सांगत होते, आज नाही बाबा, उद्या. कारण तुला... कारण तुला पुऱ्या हव्या होत्या?"

"तू हवी होतीस."

"मोठा उपकार केलास."

ती दारापर्यंत गेली. कडीला हात घातला. तो अडवायला उठला नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. खाटेच्या कडेला बसून राहिला, जे येईल ते घ्यायला तयार. कडी तिच्या हातात तशीच होती. बाहेर पाऊस आता चांगलाच वाजत होता.

"कुंपणाला मागच्या बाजूला भोक आहे," ती दाराकडे तोंड करूनच म्हणाली. "पत्र्याआड. बाबा जन्मभर तिथूनच फुकट आत यायचे, मलाही न्यायचे लहानपणी. तू दुपारचा दोन तास झोपतोस. मी कधीही आत येऊन राख टाकू शकले असते. पहिल्या दिवशीच."

एल्बियोनं मान वर केली.

"पहिले दोन दिवस मी त्यांच्यासाठी आले," ती म्हणाली. "पुढचे... पुढचे माहीत नाही. असली मुलगी आहे मी."

दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. शरमेनं. म्हाताऱ्याला दोघांनी मिळून डब्यात ठेवलं होतं आणि त्याची माफी मागायची सोय उरली नव्हती.

मग तिनं कडी सोडली, त्याच्यापाशी आली आणि त्याचा कान धरला. जोरात, दुखेल असा.

"बाबांची खोली मिळणार नाही," ती म्हणाली. "निदान एवढ्यात नाही. सोफा आहे, स्प्रिंग टोचतात."

"चालेल."

"आणि मला पुन्हा असं काही लपवलंस तर —"

"तू लपवलंस तर?"

तिनं कान सोडला, आणि जिथं दुखवलं होतं तिथं ओठ टेकले. त्याचे केस ओल्या गवतासारखे गार होते.

सोमवारी एल्बियोला काढलं. बेरुत्तीनं स्वतः नाही, माणसाकरवी. एल्बियोनं किल्ल्या दिल्या, दाताळी मागितली, ती मिळाली नाही. यानिना पाळी सोडून फाटकाशी उभी होती. त्याची सगळी चीजवस्तू दोन पिशव्यांत मावली. एक तिनं घेतली.