परडीतलं लोखंड

"सायेब, पान्हा लोंबकाळत हुता. अधांतरी!" गोदाम झाडणारी साळूबाई म्हणाली आणि उंबऱ्यातच मटकन बसली.

सांगलीतल्या त्या जुन्या हळदीच्या गोदामात फौजदार नाथाजी मोहिते शिरले, तेव्हा प्राध्यापक विद्याधर केळकर पालथे पडले होते. डोक्याला मागून खोल खोक. शेजारी रक्ताळलेला लोखंडी पान्हा. समोर माणसाच्या उंचीचा, विजेवर चालणारा चुंबक, आणि त्याच्या दोन जाडजूड टोकांमध्ये हात जाईल एवढी फट.

१९७८ सालचा श्रावण होता. केळकर विलायतेहून शिकून आलेले. चिरफाड न करता, चुंबकाच्या जोरावर माणसाच्या आतलं चित्र काढायचं, हा एकच ध्यास. आजवर चित्र निघालं होतं ते एका लिंबाचं. पण काचेच्या नळीतलं मांस निरोगी की रोगट, एवढं यंत्र सांगू लागलं होतं.

"पान्हा खाली कसा आला?" मोहित्यांनी विचारलं.

"म्या भाईरची मोठी कळ पाडली. मास्तरांनीच शिकवलं हुतं, काय इपरीत दिसलं की आदी कळ पाड. तसा धाडकन पडला. मग समोरनं इंगवले डागदरास्नी बोलवून आणलं."

"बायकांच्या बांगडीत पिना असत्यात. तुमच्या कुठं गेल्या?"

"परडीत. देवळाभाईर चपला काढत्यात न्हाई का, तसं हितं लोखंड काढायचं. किल्ल्या, घड्याळ, समदं. मास्तर सोता बी काढायचं."

दाराशी वेताची परडी होती. तिच्यात साळूबाईच्या पिना, दुसरं काही नाही. मोहित्यांनी वाकून केळकरांचं मनगट पाहिलं. घड्याळ मनगटावरच होतं.

भिंतीशी लाकडी घोडीत काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या होत्या. मधलं एक भोक रिकामं होतं.

डॉक्टर इंगवले टेबलाशी बसून सुपारी कातरत होते. केळकरांचे बालमित्र, साताऱ्याच्या शाळेपासूनचे.

"अपघात आहे, फौजदार," ते जड आवाजात म्हणाले. "मदतनीस कृष्णात पान्हा आत विसरला. विद्याधरनं यंत्र चालू केलं, पान्हा उडाला, वाटेत डोकं आलं. किती बजावलं होतं मी."

"तुमी येता व्हय इथं?"

"पूर्वी यायचो. पाडव्यानंतर आजच पाऊल ठेवलं. वेळ कुठे असतो?"

त्यांनी अडकित्ता पंचनाम्याच्या कागदांवर ठेवला, सुपारी तोंडात टाकली, अडकित्ता उचलला. पात्याला एक टाचणी लोंबत होती. त्यांनी ती न बघताच अंगठ्यानं झटकली.

मोहित्यांनी ती वेचून खिशात टाकली.

दुपारी शिराळ्याच्या एसटीनं कृष्णात आला. केळकरांचा मदतनीस. आदल्या दिवशी आईला भेटायला गेला होता. वार्ता कळली तसा त्यानं दारातच कपाळ आपटलं.

"माझ्या हातनं मेलं मास्तर! मला आत घाला, सायेब."

"पान्हा कुठं ठेवला हुतास?"

"परडीत." तो थबकला. "ठेवला का? रोज ठेवतो. काल गाडीची घाई हुती. आता माझं मलाच कळंना बगा."

साळूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तोंड फिरवलं.

"ती मोकळी जागा कुणाच्या नळीची रं?"

"आईची. अंबूबाईची. तिचा पाय काडला तवा इंगवले डागदरांनी त्यातला तुकडा दिल्ता मास्तरास्नी, तपासाया. डागदर म्हंजे देवमाणूस. कॅन्सरातनं वाचवली तिला."

"मग काय निघालं?"

"पहिल्यांदा निघालं त्यावर डागदर हसले. म्हणले, तुझ्या यंत्राची मापं घ्यायची पेटी आमच्या कॅन्सरवर किरणं सोडायच्या कोबाल्टच्या खोलीत वापरून बिघडलीया, आता ती खोटं बोलती. मास्तर इरेला पेटले. किरणांच्या माऱ्यात बी टिकंल अशी नवी पेटी जुळवली, कोबाल्टम्होरं ठेवून दावली, आन् तुकडा पुन्हा तपासला."

"आन्?"

"मला न्हाई सांगितलं. म्हणले, ज्यानं सांगायचं त्योच सांगंल."

दिवस कलता मोहित्यांनी इंगवल्यांना पुन्हा गोदामात बोलावलं. साळूबाई दाराशी, कृष्णात कोपऱ्यात, तांब्या तसाच भरलेला. टेबलावर टाचण्यांची डबी उघडी होती.

"डॉक्टर, सुपारी द्या की."

इंगवल्यांनी खिशातून अडकित्ता काढला. मोहित्यांनी तो हातातून घेतला आणि डबीवर धरला. टाचण्या सरसर उठून पात्याला चिकटल्या. इंगवल्यांनी शेजारची डॉक्टरी बॅग जवळ ओढली.

"केळकरांनी यंत्र चालू केलं, म्हणालात. मग घड्याळ परडीत का न्हाई? जो माणूस पिनसुद्धा आत नेऊ द्यायचा न्हाई, त्यो घड्याळ घालून चुंबक चालू करंल? न्हाई. ते पडले तवा यंत्र बंद हुतं. बंद चुंबक पान्हा ओढत न्हाई. पान्हा माणसानं हाणला, आन् यंत्र मागनं चालू झालं."

"कुणीही केलं असेल!"

"केलं असतं. पण अडकित्ता तुमचा हाय. साळूबाईनं कळ पाडल्यावर तुमी आलात. चुंबक थंड. पाडव्यापासनं आला न्हाईत, आन् त्याआधी परडीचा नेम तुमी बी पाळत हुता. मग ह्या पोलादात चुंबक शिरला कवा? अपघात दिसावा म्हणून चालू यंत्राजवळ तुमी पान्हा नेलात तवा. पान्हा हातातनं सुटला, खिशातला अडकित्ता बी ओढला गेला असणार. तुमी तो दाबून धरलात."

मोहित्यांनी लाकडी घोडीतल्या रिकाम्या भोकाकडं बोट दाखवलं.

"आन् चोरी एकाच नळीची. तो पाय कापला कुणी? बॅग उघडा, डॉक्टर."

इंगवल्यांनी बॅग छातीशी धरली. मग हळूच खाली ठेवली. आत कापसात गुंडाळलेली नळी होती.

"त्यानं मुंबईलाही तपासून घेतलं," ते पुटपुटले. "तिथलंही तेच आलं. गाठ साधी होती. काल म्हणाला, एक दिवस देतो, तूच शिराळ्याला जा, त्या माउलीला तूच सांग. मी सकाळी विनवायला आलो होतो. त्यानं पाठ फिरवली."

"विनवायला आलेला माणूस येताना परडीतला पान्हा उचलत न्हाई."

हवालदारानं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

"म्हंजे पान्हा म्या परडीतच ठेवला हुता?" कृष्णातनं विचारलं.

"व्हय. तुझ्याकडं काय बी दोष न्हाई."

कृष्णातनं तांब्या उचलला, घटाघटा प्याला. निम्म्यावर थांबला. नजर बॅगेतल्या नळीवर गेली.

"साधी गाठ म्हणले ते," तो सावकाश बोलला. "म्हंजे आईचा पाय…"

साळूबाईनं पदर तोंडाला लावला.

"आज सोमवार, सायेब. पाय गेल्यापासनं आई डागदरांच्या नावानं सोमवार धरती. सांजंला दिवा लावून सोडती." त्यानं तांब्या खाली ठेवला. "तिनं उपास सोडायच्या आदी सांगू, का मागनं?"

मोहित्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मागनं," ते म्हणाले. "आदी दोन घास पोटात जाऊ देत. चल, मी येतो संगं."