बांबूची बाळं आणि जनरेटरवाला

त्या उन्हाळ्यात लोडशेडिंगनं सगळ्यांचाच जीव नकोसा केला होता, आणि वारूळवाडीच्या लॅबमधल्या तेजस्विनीचा तर जास्तच. वीज गेली, जनरेटरही रुसला. ती तावातावानं मागच्या शेडमध्ये शिरली. तिथं वाकलेल्या अनोळखी माणसाला वायरमन समजून तिनं चांगलं फैलावर घेतलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं.

"झालं, म्याडम? आता जरा सरका... म्हंजी जनरेटर चालू करतो. मी आळेफाट्याचा मेकॅनिक. तुमीच फोन केलाय."

आणि हसला मेला! त्या हसण्यानं बाईंची झोपच उडाली.

पुढं जनरेटर सारखा कुरकुरू लागला. तो मेकॅनिक, सुदर्शन, यायचा, काम उरकलं तरी रेंगाळायचा.

"ह्या बाटल्यांत काय जपताय येवढं?"

"बांबूच्या पेशी. जिवाणूच्या पाठीवर बसवून त्यांच्यात एक जनुक धाडलंय. बांबू चाळीस-चाळीस वर्षं फुलत नाही ना... ते त्या जनुकाच्या हातात आहे का, ते बघायचंय."

"आन् ते आत शिरलं, हे कळणार कसं?"

"सोबत खूणही धाडलीय. शिरली असेल तर रंगात ठेवल्यावर निळे ठिपके उठतात. पण बांबू महाहट्टी. सहजी कुणाला आत घेत नाही."

"मालकिणीवर गेलाय जणू."

तिनं डोळे वटारले, पण गाल तापायचे ते तापलेच.

एका दुपारी मात्र जनरेटर सुरूच होईना. एसी बंद, खोलीची भट्टी झाली, निम्म्याहून जास्त बाटल्यांतले कोंब पिवळे पडले. दोन वर्षांची मेहनत! सुदर्शन धावत आला, नवी बॅटरी बसवली आणि मान खाली घालून उभा राहिला.

"बॅटरी पहिल्याच खेपेला बदलायला पायजे व्हती. मी नुसती चालती केली... परत यायला मिळावं म्हणून. चुकलं माझं."

"निघा! पुन्हा तोंड दाखवू नका!"

त्यानं खरंच दाखवलं नाही. जनरेटर आता एका झटक्यात सुरू व्हायचा, आणि तिला त्याचाच संताप यायचा! रस्त्यावर मोटरसायकल वाजली की हातातलं काम थांबायचं. आपणच हाकललं ना बाई, मग आता कुणाची वाट बघतेस? घास गोड लागेना, एका जागी बसवेना.

उरलेल्या बाटल्यांतल्या एका कोंबाचा तुकडा शेवटी तिनं रंगात ठेवला. सकाळी भिंगाखाली पाहिलं तर... निळे ठिपके! लॅबच्या सरांनी पेढे मागवले. पेढे येईपर्यंत ही आळेफाट्याच्या एसटीत बसलेली होती.

गॅरेजात सुदर्शन तिला पाहून ताडकन उठला.

"जनरेटर बंद पडला?"

"ठणठणीत आहे. निळे ठिपके आले."

"आरं वा! येवढंच सांगाया आलात?"

"नाही." तिला धाप लागली होती. "माझा राग गेलेला नाही. मेल्या त्या बाटल्या मेल्याच. पण तुम्ही येत नाही, तर माझं कशात म्हणून मन लागत नाही. आवडता तुम्ही मला! आता बोला काय ते."

"आमी मेंढरंवाले, म्याडम... तुमच्या घरची बागायत. चालंल का त्यांना?"

"त्यांच्याशी मी भांडेन. तुमचं काय?"

"माझं?... लई दिवसांपासनं हायच की!"

हात तेलानं माखलेले. तो फडक्याला पुसायला लागला, पुसतच राहिला. तिला कुठला धीर! तिनं तसाच तो काळा हात धरला.