निळ्या रेशमावरची राख

“बाराच्या आत कागद दाखवला नाही तर माझा गाळा गेला, बाई! एकतीस वर्षांचा गाळा!”

सुओंगमावशींना खुर्ची दिली होती, पण त्या बसायलाच तयार नव्हत्या. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत त्यांच्या येरझारा चालल्या होत्या. सकाळचे साडेआठ वाजले होते.

दिएपने त्यांना थांबवलं नाही. सायगॉनमध्ये खासगी तपासाच्या धंद्यात बारा वर्षं काढल्यावर तिला एवढं कळलं होतं, की घाबरलेलं माणूस चालता चालता खरं बोलतं. तिचा मदतनीस विन्ह कोपऱ्यात पाव खात होता. हा पूर्वी मोटरसायकलवरून सवाऱ्या न्यायचा. गल्ल्या सगळ्या पाठ, डोकं मात्र जरा निवांत.

मावशींची हकीकत थोडक्यात अशी. थान्ह फू बाजार पाडून तिथे सात मजली मॉल होणार होता. ज्याच्याकडे मूळ गाळापत्र, त्यालाच मॉलमध्ये जागा. गाळापत्र बाजार समितीला दाखवून शिक्का घ्यायची मुदत आज दुपारी बारापर्यंत. मावशींचा सत्तेचाळीस नंबरचा गाळा रेशीम आणि किनखापाचा. गाळापत्र त्या धनदेवाच्या देव्हाऱ्यामागे, बिस्किटांच्या डब्यात ठेवत. आज सहाला गाळा उघडला तेव्हा ते जागेवर होतं. साडेसहाला त्या देवळात गेल्या, सातला परतल्या. आठला समितीकडे जायचं म्हणून डबा उघडला, तर रिकामा.

“तुम्ही देवळात असताना गाळ्यावर कोण होतं?”

“समोरची न्हुंग. बटणं नि लेस विकते. मी गेले की ती बघते, ती गेली की मी. बावीस वर्षं हेच चाललंय.”

“आणि घरचं कोणी?”

“भाचा, तोआन. सव्वासहाला नव्या किनखापाचा तागा आणून टाकला आणि हातगाडी घेऊन परत गोदामात गेला. त्याचं एकच पालुपद, मावशी, विकून टाक.”

“विकत मागतंय कोण?”

“मॉलवाल्यांचा दलाल, क्वांग. तीनदा आला, तीनदा हाकलला मेल्याला.”

दिएपने पिशवी खांद्याला लावली. “विन्ह, पाव वाटेत खा.”

बाजारात नुसती उलथापालथ चालली होती. अर्धे गाळेवाले माल विकत होते, अर्धे खोक्यांत भरत होते, आणि दोन्ही जमाती एकमेकांच्या पायांवर गाड्या घालत होत्या. छताचे पत्रे उतरवायला माणसं आधीच वर चढली होती. हातोड्याचा आवाज झाला की जो तो मान वर करून बघे.

या गडबडीत विन्हला चपला दिसल्या. त्याने एक जोड पायात घातला, दुसरा घातला, किंमत विचारली, निम्म्याला मागितला आणि नको म्हणून ठेवून दिला.

चपलावालीने वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, काडी लावली आणि तो जळता कागद सगळ्या चपलांवरून ओवाळला. “जा बाबा, तुझं पाऊल तुझ्याबरोबर जाऊ दे. अजून भवानी व्हायचीय माझी!”

“मी काय भूत आहे?” विन्ह पुटपुटला.

“भवानीचं गिऱ्हाईक हात लावून रिकामं गेलं की दिवसभर धंदा बसतो,” दिएप म्हणाली. “तुझी आई मासे विकायची ना? तिने किती कागद जाळले असतील!”

“ती पाहुण्यांमागेही जाळायची. फक्त घरच्यांना सोडायची.”

सत्तेचाळीस नंबरला दिएप आधी खाली बसली. देव्हाऱ्यातल्या धनदेवासमोर नैवेद्याची काळी कॉफी गार होऊन पडली होती. मागे डबा. त्याला ना कुलूप ना कडी. कुणीही हात घालावा. मग ती उठून समोर मांडलेले तागे बघू लागली. निळ्या रेशमाच्या घडीत काळे पापुद्रे अडकले होते.

“धूळ हो, पत्रे काढतायत ना,” म्हणत मावशींनी पदर झटकावा तसा तागा झटकला.

दिएपने एक पापुद्रा तळहातावर झेलला. विन्हने मान पुढे काढली. “उदबत्तीची राख, ताई.”

“उदबत्तीची राख करडी आणि मऊ असते. हिच्यावर अक्षरं दिसतायत.” तिने तो पापुद्रा वहीत ठेवला. “मावशी, आज भवानी कशी झाली?”

“देवासारखी! देवळातून आले नि सव्वासातला एक नवरीची आई आली. जांभळट किनखापाचा अख्खा तागा उचलून गेली. चंदेरी बगळ्यांचा. विणकराने असा एकच तागा विणलाय. रात्री गोदामात आला काय, सकाळी गाळ्यात लागला काय नि तासाभरात गेला काय! माझी मीच म्हटलं, आज दिवस चांगला.” मावशींचा आवाज फाटला. “हा चांगला दिवस!”

न्हुंग समोरच होती. पन्नाशीची, बारीक चणीची. बटणांच्या बरण्यांमधून तिचे डोळे सारखे मावशींकडे जात होते.

“साडेसहा ते सात,” दिएपने विचारलं, “गाळ्यावर कोण आलं?”

“कोणी नाही. चिटपाखरू नाही.”

“तुम्ही जागेवरच होतात?”

“पाणी प्यायला उठले असेन. दोन मिनिटं.”

“तुमचा गाळा मॉलमध्ये जाणार?”

न्हुंग हसली, पण ते हसणं टिकलं नाही. “माझा भाड्याचा, बाई. मला कोण कागद देतंय? उद्यापासून फुटपाथ.”

“आज धंदा कसा आहे?”

“अजून भवानी नाही. रोज हीच करते.” तिने हनुवटीने मावशींकडे खूण केली. “एक डझन बटणं घेते नि अर्धा तास भांडते. वीस हजार डोंग सांगितले की दहावर येते, मी म्हणते माझा गळा काप, ती म्हणते कापला तर उद्या भांडू कुणाशी. आज तिला सुचलंच नाही. कसं सुचेल?” आणि ती बटणं उगाच मोजू लागली.

तोआन घामाघूम होऊन हातगाडी ओढत आला. तिशीचा गडी, तोंडाने फटकळ. “हो, विक म्हणालो. अजून म्हणतो. गुडघे गेलेत तिचे, मॉलमध्ये रात्री दहा वाजेपर्यंत उभी राहणारेय का? पण चोरी? तिच्याच हातचं खाऊन मोठा झालो मी.”

“सव्वासहानंतर इथे परत कधी आलास?”

“साडेसातला. पण गोदामात मी एकटाच होतो. साक्षीदार मागाल तर उंदीर.”

विन्हने दिएपच्या कानाशी तोंड नेलं. “हाच, ताई. साक्षीदार नाही, डबा ठाऊक, विकायची घाई.”

दिएपने घड्याळ बघितलं. दहा वाजून गेले होते.

मॉलवाल्यांची कचेरी रस्त्यापलीकडे होती. आत इतका गारवा, की विन्हला शिंक आली. काचेच्या पेटीत मॉलचा नमुना ठेवला होता, त्यात बोटाएवढी माणसं बोटाएवढ्या पिशव्या घेऊन फिरत होती. क्वांगने स्वतः उठून चहा ओतला. कडक इस्त्री, गोड जीभ.

“वाईट झालं. पण नियम म्हणजे नियम. कागद नाही तर गाळा नाही.”

“तुम्ही आज बाजारात गेला होतात?”

“आज कसला जातो! परवापासून तिकडे फिरकलो नाही. सकाळपासून इथेच आहे. आता बाराला समितीपुढे थोडं काम आहे, तेवढ्यापुरता जाईन.” त्याने मांडीवरची चामडी बॅग सरळ केली. “माझं त्या बाईंशी वैर नाही हो. उलट त्यांच्या मालाची पारख आहे मला. तो जांभळट किनखाप, चंदेरी बगळे! असा माल मॉलच्या काचेत शोभतो, त्या पत्र्याखाली नाही.”

“खरंय,” दिएप म्हणाली आणि चहा न पिताच उठली.

रस्त्यावर येताच विन्ह चिडला. “ताई, साडेदहा झाले! आणि तुम्ही त्याला खरंय म्हणालात?”

“बोलला ते खरंच होतं, म्हणून. जा, तोआन आणि न्हुंगला समितीत घेऊन ये. नाही म्हणाले तर खांद्यावर टाकून आण.”

साडेअकराला समितीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिक्के मारणारे म्हातारे अध्यक्ष, मावशी, तोआन, दाराशी अंग चोरून उभी न्हुंग, आणि आपलं काम घेऊन आलेला क्वांग. मावशींची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून हलत नव्हती.

“अध्यक्षमहाराज, पाच मिनिटं द्या,” दिएप म्हणाली आणि वहीतला काळा पापुद्रा तिने टेबलावर ठेवला. “आज सकाळी सत्तेचाळीस नंबरच्या ताग्यांवरून कुणीतरी कागद पेटवून ओवाळला. मावशींनी नाही, त्यांच्या भवानीच्या गिऱ्हाइकाने अख्खा तागा नेला, त्या कशाला जाळतील? मग जाळला तो भवानीच्या आधी. त्या देवळात असताना. तेव्हा गाळ्यावर एकच बाई होती.”

सगळ्यांनी न्हुंगकडे बघितलं. तिने भिंत धरली.

“न्हुंगताई म्हणतात, चिटपाखरू आलं नाही. मग कागद कुणामागे जाळला? म्हणजे माणूस आलं, माल चाचपला, न घेता गेलं आणि ते लपवायचं होतं. तोंडाने लपवलं. पण बावीस वर्षं दुसऱ्याचा गाळा आपला म्हणून सांभाळला की हात तोंडाचं ऐकत नाही.”

विन्हचा चेहरा उजळला. “आणि घरच्यामागे कुणी कागद जाळत नाही! म्हणजे तोआन सुटला!”

“सुटला. आता आलेलं माणूस कोण? जांभळट किनखापाचा तागा सव्वासहाला गाळ्यात आला आणि सव्वासातला विकला गेला. तसा दुसरा तागा नाही. त्यावरचे बगळे चंदेरी आहेत, हे तेवढ्या एका तासात गाळ्यापुढे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. परवापासून बाजारात न फिरकलेल्या माणसाला तर मुळीच नाही.”

क्वांग हसला. “कुणाच्या तोंडून ऐकलं असेल. यावरून मी चोर?”

“नाही. चोर ठरवायला तुमची बॅग पुरे. तो गाळ्याचा कागद फाडून तुम्हाला काय मिळणार? बाराच्या आत याच टेबलावर, मावशींच्या खोट्या सहीच्या विक्रीपत्राबरोबर दाखवलात तरच गाळा तुमचा. म्हणजे तो आत्ता तुमच्याजवळ आहे.”

“उघड की रे,” तोआन पुढे सरकला.

क्वांगने बॅग छातीशी धरली. “काहीही काय! साक्षीदार आहे का एक तरी?”

तेवढ्यात दाराशी आवाज झाला.

“मी आहे.” न्हुंग पुढे आली. “हा म्हणाला, तू फक्त पाणी प्यायला उठ. मॉलमध्ये जिन्याखालची जागा तुला देतो. मी उठले. परत आले तेव्हा हा ताग्यांवर हात फिरवत होता, त्या बगळ्यांना छान म्हणाला नि गेला. मला वाटलं, कागद गेला तो गेला... निदान याचं पाऊल तरी सुओंगला बाधू नये.”

अध्यक्षांनी हात पुढे केला. बॅगेत विक्रीपत्र होतं आणि त्याखाली एकतीस वर्षांचा पिवळा पडलेला कागद. बाराला सतरा मिनिटं कमी असताना त्यावर शिक्का बसला. क्वांगला पोलीस येईपर्यंत पहारेकऱ्यांनी तिथेच बसवलं.

मावशी कागद घेऊन बाहेर पडल्या. गल्लीभर बातमी त्यांच्या पुढे धावली होती. लोक काम टाकून उभे होते, कारण मावशींची जीभ सगळ्या बाजाराला ठाऊक होती.

न्हुंग बरण्यांमागे जाऊन उभी राहिली. मावशी तिच्यासमोर थांबल्या. त्यांनी मोत्याच्या बटणांचं एक पान उचललं.

“डझनाचे किती?”

“सुओंग...”

“किती?”

“वीस हजार.”

मावशींनी बटव्यातून वीस हजारांची नोट काढली, बरणीवर ठेवली, बटणं पिशवीत टाकली आणि गल्ली ओलांडून आपल्या गाळ्यात गेल्या.

विन्हला भरून आलं. “बघितलंत, ताई? माफ केलं. भवानी करून दिली तिला!”

दिएप न्हुंगकडे बघत होती. न्हुंगने नोट हातात घेतली होती आणि समोरच्या गाळ्याकडे बघून ती रडत होती, सगळ्या बाजारादेखत, मोठमोठ्याने.

“दहाला माग ना गं,” ती म्हणत होती. “एकदा तरी दहाला माग!”