गॅलरीकडची खिडकी

खिडकीला झडपा लावायच्या की चिक, एवढाच प्रश्न होता. छप्पन सालच्या मार्चमध्ये आम्ही गिरगावात पहिल्या मजल्यावर खोली घेतली. खिडकी एकच, बिनगजांची, गॅलरीत उघडणारी. आडोसा हवाच होता. मला बांबूचा चिक हवा होता; वारा तरी येतो. यांचं मत झडपांचं. तेवढ्यात घरमालक अप्पा म्हणाले, "झडपा माझ्याकडे पडून आहेत. बसवून देतो. बंदच बरी ती खिडकी."

हिरवा रंग ताजा होता. तरी खालच्या कडेला चार खोलगट वळ दिसत होते.

तिसऱ्या दिवशी, दुपारी चारला, हे ऑफिसात होते. ऊन नको म्हणून झडपा लावून मी आडवी झाले होते. आधी वास आला... कच्च्या कापसाचा, यंत्राच्या तेलाचा. मग गॅलरीतून एकट्याची धावती पावलं. ती खिडकीशी थांबली. धाप. लाकडावर नखं...

"वयनी... आत घ्या..."

मी झडपा उघडल्या. गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं ऊन.

शेजारच्या गंगुबाईंना विचारलं. त्यांनी आवाज खाली आणला. "जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार होऊन कितीतरी माणसं मेली ना, तेव्हा लालबागचा एक गिरणी कामगार जिन्यानं वर पळत आला. छातीत गोळी. या खोलीत तेव्हा अप्पाच राहायचे. त्यानं खिडकीची चौकट धरली, तर अप्पांनी झडपा ओढल्या... बोटांवर. तिथेच गेला तो."

"आणि तुम्ही?"

"आमचंही दार लावलेलंच होतं, बाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच खाली गेले. अप्पांच्या दारावर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असा फलक. अप्पा पेपर वाचत बसलेले.

"मरणाऱ्या माणसाच्या बोटांवर झडपा लावल्यात?"

"घरात मुलंबाळं होती माझी."

"आणि त्याच फळ्या रंगवून आम्हाला दिल्यात?"

"चांगलं सागवान आहे. वाया कशाला घालवायचं?"

हे घरी येताच मी त्यांना झडपा काढायला लावल्या. त्या अप्पांच्या दारात, त्या फलकाखाली, आपटून आले. चिक आणून टांगला.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तो वास, ती पावलं. चिकाच्या काड्या खालून एकेक वाजत वर गेल्या आणि सावकाश खाली आल्या. भीतीपेक्षा मला रडूच आलं. म्हटलं, "आलास ना? बस आता."

तेव्हापासून खिडकीशी कोणी हाका मारत नाही. फक्त नळावरून पाणी घेऊन आले की दाराला आतून कडी असते. आत कोणीतरी श्वास रोखून धरलेला असतो. मी हळूच म्हणते, "मीच आहे रे," की कडी निघते.

काल मी तसंच म्हटलं. कडी निघाली नाही. कान लावून ऐकलं...

आत बरेच जण होते.