नऊ नंबरचे बूट

या, जरा जवळ सरकून बसा. पाय वर घ्या, अंगावर काहीतरी ओढून घ्या. ही गोष्ट ओली आहे. प्रेमाचीच आहे... पण घाबरायचं तिथं खुशाल घाबरा, मी अडवणार नाही. फक्त मधून उठू नका. अर्ध्यातून उठलेल्याला ही गोष्ट नुसती भीतीची वाटते, आणि ती तशी नाही. चित्त द्या, म्हणजे मी पहिल्यापासून सांगते.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आई गेल्यापासून मावशीजवळ राहत होते. समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ टेकाडावर मावशीचं आठ खोल्यांचं लॉज होतं. किनाऱ्यापासून तिथवर एक दगडी वाट होती. ओहोटीला ती उघडी पडायची, भरतीला पाण्याखाली जायची. पावसात सगळं करडं... आकाश, पाणी, भिंती, आणि टॉवेलसुद्धा, कारण ते कधी वाळतच नसत.

त्या दुपारी ओहोटी होती आणि धुकं इतकं दाट, की वाट मध्येच कुणीतरी पुसून टाकल्यासारखी दिसत होती. मी दारापुढच्या लाकडी पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडत बसले होते. धुक्यातून आधी एक छत्री आली, उलटी झालेली. मग सुटकेस. मग तो.

"छत्री आणू नये असं प्रवासाच्या पुस्तकात लिहिलंय," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

"पुस्तक आमचंच आहे. म्हटलं, खरं लिहितो का ते बघावं."

"बघितलंत?"

त्यानं छत्रीच्या मोडक्या काड्यांकडे पाहिलं. "एक ओळ तरी बरोबर निघाली," तो म्हणाला आणि हसला. त्याच्या पापण्यांवरून पाणी गळत होतं. मी हातातलं पातं तसंच धरून उभी... त्याला वर या म्हणायचं राहिलंच, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

प्रवासाची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात तो नोकरीला होता. गावोगाव हिंडायचं आणि पुस्तकात छापलेलं अजून खरं आहे का ते पाहायचं, हे त्याचं काम. मावशीनं त्याचं नाव तिथल्या तिथं तपासनीस ठेवलं.

"जोड आणलात का?" रजिस्टर पुढे सरकवत तिनं विचारलं.

"कसला जोड?"

"बुटांचा."

"पायात आहे की."

"तो नव्हे. दुसरा. नऊ नंबरचा."

तपासनीस ओशाळला. त्यानं सुटकेसमधून पुस्तक काढलं, पान उघडलं आणि शाळेत उभं केल्यासारखं वाचून दाखवलं. "केव्हा जावं: पावसाच्या अगदी मधल्या पंधरवड्यात. काय न्यावं: गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, लांब रेनकोट, छत्री नको. कपडे वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून. काडेपेटी डब्यात. ओल्या बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रं. आणि पुरुषी बुटांचा एक कोरडा जोड, नऊ नंबर. हा जोड लॉजवर ठेवून यावा." त्यानं मान वर केली. "हेच तर तपासायला आलोय. भर पावसात कोण कशाला येईल? आणि बूट कुणासाठी? वाचकांची पत्रं येतात. एकतीस वर्षं हे पान जसंच्या तसं छापतोय आम्ही. या खेपेला बुटांची ओळ गाळायची आणि महिनाही बदलायचा असं ठरलंय."

मावशीचा हात रजिस्टरवर थांबला. "गाळा," ती म्हणाली. "पण आधी हा पंधरवडा राहून बघा."

ती गेल्यावर मी त्याला बोळातलं कपाट उघडून दाखवलं. तीन फळ्या, बुटांनी भरलेल्या. काळे, तपकिरी, कॅनव्हासचे, आणि एक चकचकीत जोड तर कुणी थेट लग्नाच्या मांडवातून उचलून आणल्यासारखा. सगळे नऊ नंबर. सगळ्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा.

"लोक भलतेच आज्ञाधारक असतात हो," तो म्हणाला. मग हळूच, "पण हे घालतं कोण?"

मी सांगितलं तेवढंच, जेवढं मला दिसत आलं होतं. या पंधरवड्यात रोज दिवसाची ओहोटी लागली, की मावशी एक कोरडा जोड वरच्या पायरीवर ठेवते. दार लावते. दाराकडे पाठ करून विणत बसते. तासाभरानं मी दार उघडून जोड आत घेते. तो आतपर्यंत भिजलेला असतो, वाळूनं भरलेला. कधी एखादा शिंपला.

"लाट येत असेल."

"ओहोटीला? अकरा पायऱ्या चढून?"

त्यानं वहीत लिहिलं, 'लाट', आणि त्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. त्याचं ते प्रश्नचिन्ह मला आवडलं. खोटं बोलायला ज्यांना जमत नाही, ती माणसं असं प्रश्नचिन्ह काढतात.

मग पाऊस लागला तो लागलाच. तपासनीस सगळं तपासत सुटला. टॉवेल किती दिवसांत वाळतो? चार, आणि वास राहतो तो राहतोच. वाट किती मिनिटांत बुडते? चाळीस. रबरी बूट आखूड चालतील का? नाही, हे त्यानं मांड्यांपर्यंत भिजून सिद्ध केलं आणि मी पायरीवर बसून पोट धरून हसले. संध्याकाळी आम्ही चादरींच्या घड्या घालायचो. दोन टोकं त्याच्याकडे, दोन माझ्याकडे, आणि दर घडीला एक पाऊल पुढे... बोटांना बोटं लागली, की दोघंही चादरीकडे बघायचो.

"हे पुस्तकात घालणार?" मी विचारलं.

"कोणतं?"

"चादर घडी करायला दोन माणसं लागतात हे."

"सगळ्यांना ठाऊक असतं ते."

"मग तुम्ही इतकं निरखून काय बघताय?"

"मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "महिन्यातले चार दिवस मी घरी असतो. एक कुंडी आहे, तिला शेजारच्या काकू पाणी घालतात. दोन वर्षं झाली. मागच्या खेपेला मला कळलं, झाड प्लॅस्टिकचं आहे."

"काकूंना सांगितलंत?"

"कसं सांगू? किती मायेनं घालतात हो."

मी हसले, आणि हसता हसता माझ्या छातीत काहीतरी दुखलं. देव माणसाला असंच गाठतो. हसण्याच्या दारानं आत येतो आणि मग ठाण मांडतो.

सातव्या दिवशी आम्ही दोघं वरच्या खिडकीत उभे राहिलो. खाली पायऱ्या, वरच्या पायरीवर तपकिरी जोड, कोरडा ठणठणीत. सकाळचे नऊ वाजले होते, पण उजेड ओल्या कागदासारखा. आधी वास आला, खारा, खोल पाण्याचा. मग खालची पायरी करकरली. मग दुसरी. तिसरी... सावकाश, अनवाणी माणूस निसरड्यावर चढतो तशी. मी मोजत होते. अकरा. मग काहीच नाही. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. धुक्याचा एक लोट दारावरून सरकत गेला, आणि तो गेल्यावर पाहिलं, तर बुटांच्या नाडीच्या भोकांतून पाणी वाहत होतं. थेंब... थेंब... आणि पायऱ्या पुन्हा करकरत खाली निघाल्या.

त्याचा हात माझ्या हातात होता. कुणी आधी धरला, त्या नारायणालाच ठाऊक.

"आता सगळं सांगा," तो म्हणाला.

मी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी याच कामावरचा एक माणूस याच पंधरवड्यात इथं आला होता. जाताना त्यानं मावशीला विचारलं, माझ्याबरोबर येतेस का? मावशी म्हणाली, पाऊस सरल्यावर बघू. त्यानं तीनदा विचारलं. तीनदा तिनं तेच सांगितलं. नको होतं म्हणून नव्हे. घाई कशाला, एवढंच. तो चिडला आणि निघाला. त्याचे बूट शेगडीजवळ वाळत होते, आत वर्तमानपत्रं कोंबलेली. तो तसाच अनवाणी उतरला. भरती लागली होती. पुढे काही सापडलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याच दिवसांत पायऱ्या वाजल्या, आणि मावशीनं त्याचे बूट बाहेर ठेवले. खाऱ्या पाण्यानं ते कुजले तोवर पुस्तक वाचून पाहुणे यायला लागले होते, हातात नऊ नंबरचा जोड घेऊन.

"आणि त्या दार उघडत नाहीत?"

"तो पुन्हा विचारेल, याची भीती वाटते तिला."

तपासनीस मला शेजारच्या आपल्या खोलीत घेऊन गेला. मग त्यानं सुटकेसच्या तळातून एक जुनं पाकीट काढलं. "हे दाखवणार नव्हतो. या पानाचं मूळ टिपण आहे, आमच्या फायलीतलं. त्याच्याच अक्षरातलं." कागद फुगलेला होता, शाई पसरलेली. शेवटची ओळ स्पष्ट होती... नऊ नंबर, एक जोड. "तो कोणत्या तारखेला गेला?"

मी तारीख सांगितली. त्यानं पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. शिक्का त्यानंतरच्या नवव्या दिवसाचा होता.

मागून एक हात आला आणि त्यानं तो कागद घेतला. मावशी केव्हा वर आली, कळलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाजवळ धरून तिनं सगळं वाचलं.

"अक्षर तसंच गचाळ," ती म्हणाली. मग बोट पहिल्या ओळीवर नेऊन तिथंच थांबली. "मी याला म्हटलं पाऊस सरल्यावर... आणि यानं सगळ्या जगाला सांगितलं, पावसातच या." कागदाची घडी घालून तिनं ती, पैसे कनवटीला लावावेत तशी, जपून कमरेला खोचली आणि खाली गेली.

आणि मग त्याचा जायचा दिवस आला. ओहोटी सव्वातीनची. सुटकेस दाराशी, कपडे वेगवेगळ्या पिशव्यांत बांधलेले. ते मीच बांधले होते, आणि एकेक गाठ मुद्दाम दोनदा मारली होती. मावशी दाराकडे पाठ करून विणत होती. जोड बाहेर ठेवून झाला होता, म्हणून आम्ही पायऱ्या वाजून जाण्याची वाट बघत थांबलो होतो.

"माझ्याबरोबर चल," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं मला अगंतुगं केलं, तेही इतक्या हळू, की मावशीच्या सुयांचा आवाज त्याहून मोठा होता.

मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ सांगते, ओठावर होतं. पण मावशीचे गुडघे, या दिवसांतलं हे घर, ओले बूट आत घ्यायला कुणी नाही... मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "आत्ता कसं येऊ? मावशी एकटी. पाऊस सर—"

बाहेर पहिली पायरी करकरली.

"गप्प बस," मावशी म्हणाली. तिनं विणकाम खाली ठेवलं. "पुढचा शब्द बोलू नकोस."

पायऱ्या वाजत राहिल्या. मावशी उठली, गुडघ्यांवर हात देत, आणि दाराशी गेली. तिनं कडी सरकवली. नववी पायरी. दहावी. तिनं दार उघडलं.

दारात धुकं होतं. बूट होते, कोरडे, जागच्या जागी. त्यांच्या पलीकडे खालच्या पायरीवर दोन अनवाणी पावलांचे ठसे, मोठे, पाण्यानं काठोकाठ. पायांशिवाय.

मावशीनं मान वर केली. उंच माणसाच्या चेहऱ्याकडे बघायला जेवढी लागते, बरोबर तेवढी.

"किती भिजलास," ती म्हणाली. मग थांबली, ऐकल्यासारखी. "हो." पुन्हा थांबली. "हो म्हटलं ना. किती वेळा विचारशील?"

ठसा उंबऱ्याच्या आत उमटला. मग दुसरा. तपासनीसानं मला मागे ओढलं आणि आमच्या दोघांमधून काहीतरी गार, खारं निघून गेलं. ठसे शेगडीपर्यंत गेले. तिथली वेताची खुर्ची वजनानं कुरकुरली.

मावशीनं बटा कानामागे सारल्या. साठीला टेकलेली माझी मावशी, आणि गालांवर ती तशी लाली... मला नजर वळवावी लागली.

"ओहोटी तुमच्यासाठी थांबायची नाही," ती आमच्याकडे न बघता म्हणाली. "निघा दोघं."

"मावशी, अगं पण..."

"माझ्याकडे पाहुणा आलाय. अडचण करू नका."

मी दहा मिनिटांत सामान बांधलं. तीन कपडे, आईचा कंगवा, लांब रबरी बूट पायात. मी पाया पडले, तेव्हा तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला आणि कानात म्हणाली, "घाबरू नकोस गं. त्याला चहा गोड लागतो एवढं आठवतंय, ते पुरे आहे."

वाटेच्या मध्यावर पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. वाऱ्यात तपासनीस माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही, तरी मी मोठ्यानं हो म्हणाले. पलीकडे पोचल्यावर विचारलं, तेव्हा कळलं, तो म्हणाला होता, बुटात पाणी गेलंय.

नव्या आवृत्तीत त्यानं बुटांची ओळ गाळली; त्यांची आता कुणाला गरज नव्हती. पंधरवडा मात्र तोच ठेवला. आम्ही दर वर्षी त्याच दिवसांत जायचो. मावशी आणखी सहा वर्षं होती. शेगडीपाशी दोन खुर्च्या असायच्या, दोन कप असायचे, आणि ती मध्येच कुणाला तरी म्हणायची, पुरे, किती बोलतोस. ती गेली तेव्हाही पाऊस होता. उशाशी जमीन ओली होती आणि मी ती पुसली नाही.

इतकं ऐकलंत, आता एक मागते. उद्या तुमच्या दारात कुणी भिजून उभं राहील, काहीतरी विचारेल, आणि तुमच्या जिभेवर 'नंतर बघू' येईल... तेव्हा क्षणभर माझ्या मावशीला आठवा. ती ठेंगणी होती, विणताना जिभेचं टोक बाहेर काढायची, आणि एका 'हो'साठी तिला एकतीस वर्षं लागली. तेवढी तिची आठवण ठेवा.